साधनसंपत्तीचे प्रकार: वाचकांची प्रश्नोत्तरे

मुंबई हायचं तेल जैविक की अनवीकरणीय? मुलीच्या पुस्तकात दोन्हीकडे आहे. (गिरगाव)

दोन्ही बरोबर. कशापासून बनलं असं विचारलं तर जैविक, कारण ते समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या सूक्ष्मजीवांचं आहे. परत कधी भरेल असं विचारलं तर अनवीकरणीय, कारण त्याला लाखो-कोट्यवधी वर्षं लागतात. मालकी विचारली तर राष्ट्रीय: १९७४ मध्ये सापडलेलं हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, म्हणजे २०० सागरी मैलांच्या आत आहे, आणि या हद्दीतली साधनसंपत्ती देशाची मानतात. वर्गीकरणाआधी कसोटी कोणती ते मुलीला लिहायला सांगा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

'साठा' आणि 'राखीव' यांत फरक काय? (कुर्ला)

साठा म्हणजे आहे, पण वापरण्याजोगं तंत्र अजून हाती नाही. आजच्या तंत्राने मिळू शकणारं, पण पुढच्यासाठी ठेवलेलं ते राखीव. धरणात अडवलेलं पाणी हे राखीवचं सोपं उदाहरण.

आमच्या बोअरवेलला मे महिन्यात खारट पाणी येतं. भूजल तर नवीकरणीय ना? (दादर)

नवीकरणीय, पण पावसाळ्यात मुरेल तेवढंच. किनाऱ्यालगत गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्यावर तरंगतं. त्याची पातळी १ मीटर उतरली, की खाऱ्याची हद्द ढोबळ हिशेबाने ४० मीटर वर चढते. आपल्या भेगाळ कातळात हे प्रमाण बदलतं. म्हणून बोअर आणखी खोल मारणं हा सगळ्यांत वाईट उपाय. पंप सलग चालवू नका, थोडा उपसा करून विश्रांती द्या. दर महिन्याला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून वहीत लिहा. आकडा चढू लागला की उपसा कमी करा. पिण्यासाठी मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २०००.

खरा इलाज मुरवण्यात आहे. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, पुढचं खडी-वाळूच्या गाळणीतून शोषखड्ड्यात न्या. गच्चीचा पाइप थेट बोअरमध्ये सोडलात तर कबुतरांची घाण भूजलात जाते आणि गाळाने भेगा बुजतात.

मासे पुन्हा जन्मतातच, मग जून-जुलैत बंदी कशाला? (वर्सोवा)

जन्माला घालणारे मासे उरले तरच. हा अनेक जातींच्या विणीचा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. १ जून ते ३१ जुलै बंदी पाळूनही बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात पिल्लं आली, तर विणीच्या वयाला पोचणारे कमी होतात. पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे. तळहाताहून लहान पापलेट बाजारात दिसलं तर घेऊ नका.