माथा राहिला, तर मोजायचं का?

प्रश्न : मी नाशिकचा, वय ४१. सह्याद्रीतली उंच शिखरं वहीत नोंदवत एकेक करतोय. साल्हेरला गंगासागर तलावाच्या पुढे धुकं इतकं दाटलं की वरच्या गुहांपासूनच परतलो. तेव्हापासून मनाला रुखरुख आहे. मोजू का?

उत्तर : नका मोजू. साल्हेरची १५६७ मीटर उंची ही परशुराम मंदिराच्या टेकाडाची; गुहांपाशी माथा होत नाही. पण परत फिरलात हे अगदी योग्य केलंत. ओल्या गवतावर धुक्यात वाट सुटली की संपलं.

तुमची रुखरुख मला ठाऊक आहे. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर मी दोनदा पोचले, दोन्ही वेळा भर पावसात. शेवटची लोखंडी शिडी चढताना पुढच्याच्या चपलांखेरीज काही दिसत नव्हतं. देऊळ हाताला लागलं तेव्हा कळलं. नोंद झाली, समाधान नाही. तिसऱ्यांदा डिसेंबरात गेले, तेव्हा अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले एका रांगेत उभे दिसले आणि मी तासभर तिथून हलले नाही. वहीत त्यासाठी नवा आकडा पडला नाही, तरी तीच माझी सगळ्यात लाडकी नोंद.

साल्हेरसाठी वहीत जागा कोरी ठेवा. डिसेंबरात पहाटे निघा. वरून सालोटा आणि मांगी-तुंगीचे सुळके बघा, मग लिहा.