राखीव खेळाडू ते फोर्डचे सीईओ: जिम हॅकेट यांना फुटबॉलचा उपयोग झाला का?

मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात राखीव सेंटर असलेले जिम हॅकेट पुढे फोर्डचे सीईओ झाले, यात खेळाचा वाटा किती, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वाटा मोठा आहे, आणि ते राखीव होते म्हणूनच तो मोठा आहे.

डेट्रॉइटजवळ राहत असताना माझा मुलगाही शाळेच्या संघात राखीव सेंटर होता. सेंटरने चेंडू क्वार्टरबॅककडे, म्हणजे चाल चालवणाऱ्या गड्याकडे, द्यायचा आणि त्याच क्षणी समोरचा दांडगा गडी अडवायचा. गुण मात्र दुसऱ्यांच्या नावावर लागतात. राखीव गड्यांनी तर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाठ करून सरावात आपल्याच मुख्य संघावर चालवायच्या, म्हणजे शुक्रवारच्या सामन्यात उतरणारे तयार होतात. पुण्याहून आलेल्या माझ्या थोरल्या बंधूंनी एक सामना पूर्ण पाहिला आणि जेवताना मुलादेखतच सांगितले, "जो मैदानात उतरतच नाही, तो खेळाडू कसला? हेच तास अभ्यासाला दिले असते तर काही पदरात पडले असते." मुलगा काही बोलला नाही, पण सराव त्याने एकदाही चुकवला नाही. आज तो सुट्या भागांच्या कारखान्यात एक पाळी सांभाळतो. तिथल्या प्रत्येक जागेवरचे काम त्याला ठाऊक आहे आणि स्वतःचे नाव पुढे करण्याची त्याला घाई नसते. ही शिस्त कोणत्याही शिकवणीत मिळाली नसती, हे मी दादांना तेव्हाही सांगितले होते.

हॅकेट यांच्याबाबत मला हेच दिसते. बो शेम्बेक्लर यांच्या हाताखाली खेळून ते १९७७ मध्ये पदवीधर झाले आणि त्या प्रशिक्षकांचे ऋण त्यांनी अनेकदा जाहीरपणे मानले आहे. १९९४ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, ते ग्रँड रॅपिड्सच्या स्टीलकेस या कार्यालयीन फर्निचर बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी आयडिओ या डिझाइन संस्थेला जोडून घेतले आणि टेबल-खुर्च्या विकण्याआधी माणसे प्रत्यक्षात काम कशी करतात, याचा अभ्यास करायला लावले. समोरच्याची चाल आधी समजून घेण्याची ही सवय मला सरावाच्या मैदानावरचीच वाटते. २०१४ मध्ये विद्यापीठाचे हंगामी क्रीडा संचालक झाल्यावर त्यांनी बो यांचेच जुने क्वार्टरबॅक जिम हार्बो यांना प्रशिक्षक म्हणून परत आणले.

अर्थात स्टीलकेसमध्ये हजारो नोकऱ्याही त्यांच्याच काळात गेल्या. फोर्डमधील २०१७ ते २०२० या कारकिर्दीत समभाग घसरला आणि त्यांचे बोलणे स्पष्ट नसते, ही गुंतवणूकदारांची तक्रार कायम राहिली; तेव्हा फुटबॉल खेळला की कंपनी चालवता येतेच, असे मी म्हणत नाही. डोक्याला होणाऱ्या दुखापतींचा धोकाही खरा आहे. पण आपल्या मुलाला कोणी राखीव म्हणून निवडले असेल, तर त्याला संघ सोडायला लावू नका, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याच्यासमोर त्या तासांचा हिशेब मांडला, तर तिथेच त्यांना थांबवा.