पत्नीच्या नैराश्यावरील उपचारांचा क्लेम विमा कंपनीने नाकारला. कायद्याचा काही उपयोग होतो का?

होतो. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाही, म्हणून आधी तीच विचारतो: डिस्चार्ज कार्डवर आजाराचं नाव काय लिहिलंय?

तुम्ही म्हणता की पत्नी नऊ दिवस ॲडमिट होत्या आणि ‘मानसिक आजार पॉलिसीत वगळलेला आहे’ अशा एका ओळीवर कंपनीने हात झटकले. अगदी अशीच ओळ २०२१ मध्ये माझ्या धाकट्या भावाच्या क्लेमवर आली होती. त्याला बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होण्याचा आजार) आहे. पॉलिसी जुनी, दरवर्षी न चुकता रिन्यू केलेली. एजंटला फोन केला तर म्हणाला, ‘अहो, मेंटलचं कुठे मिळतं?’

एजंट चुकीचा होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१(४) नुसार शारीरिक आजाराच्या उपचारांसाठी ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारासाठीही तो द्यायचा आहे, आणि हे प्रत्येक विमा कंपनीवर बंधनकारक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) कंपन्यांना तसं परिपत्रक काढून कळवलं. तरीही जुन्या पॉलिसींच्या पुस्तिकांत ते वगळण्याचं कलम तसंच छापलेलं राहिलं. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका महिलेच्या केसमध्ये हाच मुद्दा निकालात काढला: कायदा लागू झाला त्या दिवसापासून कंपनीला असा भेदभाव करता येणार नाही. एवढं होऊनही ऑक्टोबर २०२२ मध्ये आयआरडीएआयला पुन्हा परिपत्रक काढावं लागलं. कायदा लागू होऊन चार वर्षांनी! यावरून काय ते समजा.

मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. कलम आणि दिल्लीचा निकाल एवढंच लिहिलं, रागाचा एक शब्द नाही. महिन्याभरात उत्तर आलं आणि वगळण्याचा मुद्दा त्यांनी गुपचूप सोडून दिला. पण आता कारण नवीन: ‘रुग्णाला केवळ निरीक्षणासाठी दाखल केले होते, दाखल करण्याची वैद्यकीय गरज दिसत नाही.’

हे त्यांनी पदरचं लिहिलेलं नव्हतं. आमच्याच डिस्चार्ज कार्डवर तसं होतं. डिस्चार्जच्या दिवशी आईने डॉक्टरांना हात जोडून सांगितलं होतं, ‘लग्नाचं वय आहे हो त्याचं, तेवढं आजाराचं नाव नका लिहू.’ डॉक्टर भले माणूस, त्यांनी ‘ताण, निद्रानाश, निरीक्षण’ असं लिहून दिलं. अकरा दिवस ॲडमिट, पहिले तीन दिवस इंजेक्शनं, आणि कागदावर काय, तर निद्रानाश! शेवटी त्याच डॉक्टरांकडून निदान, लक्षणं आणि घरी का ठेवता आलं नसतं हे स्पष्ट लिहिलेलं प्रमाणपत्र आणलं, सोबत इनडोअर केस पेपरच्या प्रती जोडल्या. ५८,००० च्या बिलातले ४६,००० मिळाले. आईला मात्र ते प्रमाणपत्र मी आजही दाखवलेलं नाही.

तुमचंही कंपनीच्या पातळीवर मिटलं नाही, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणं तिथे चालतात आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

आता जे मिळणार नाही तेही सांगतो. ‘त्याच आधारावर’ या शब्दांत खरी गोम आहे. आपल्याकडच्या साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडी (ॲडमिट न होता घेतलेले उपचार) नसते, मग ती मधुमेहाची असो की नैराश्याची. दोघांना सारखाच नकार, म्हणजे समानता पाळली! पण अपेंडिक्स एकदा काढलं की संपतं. भावाचं तसं नाही: लिथियमच्या गोळ्या, दर काही महिन्यांनी रक्तातली लिथियमची पातळी, डॉक्टरांची फी, शिवाय समुपदेशन. ॲडमिट व्हावं लागू नये म्हणून जो खर्च करतो, तो सगळा खिशातून, आणि ॲडमिट झालं की विमा. हा कायदा चांगला आहे, पण विम्याचा साचा ऑपरेशनवाल्या आजारांचाच राहिला. ओपीडीचं कव्हर वेगळं विकत मिळतं, पण त्याची मर्यादा आणि वाढलेला प्रीमियम दोन्ही ताडून बघा.

अजून एक. पत्नीचे उपचार पॉलिसी घेण्याआधीपासून चालू होते का? असतील आणि प्रपोजल फॉर्मवर लिहिलं नसेल, तर कंपनी पुढचा मुद्दा तोच काढेल. आधीच्या आजारांसाठी वेटिंग पिरियड (तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) असतो, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर मात्र फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण त्यांना देता येत नाही. तेव्हा पहिल्या पॉलिसीची तारीख शोधून ठेवा.

डिस्चार्ज कार्डचं काय ते कमेंटमध्ये कळवा. नाव झाकून फोटो टाकलात तरी चालेल, ईमेलचा मसुदा मी बघून देतो.