वाचकांचे प्रश्न : जड व्हॅनला कोणता व्हॉल्व?

प्रश्न : मुलुंडला व्हॅनची कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करून घेतली. मागच्या चाकांत ७० पीएसआय हवा लागते. टायरवाल्याने नवे रबरी व्हॉल्व बसवलेत. घाट चढायला चालतील का?

उत्तर : साधे असतील, तर नाही. कारला लागणारे टीआर ४१३ किंवा ४१४ हे ओढून बसवायचे रबरी व्हॉल्व थंड टायरमध्ये ६५ पीएसआयपर्यंतच. त्यापुढे बुडाशी रबर थकते, चिरते आणि हवा एकदम जाऊ शकते. टायर नवा असला तरी!

धातूचा, नटाने आवळायचा व्हॉल्व घ्या. आधी रिमचे भोक मोजून घ्या : बहुधा ११.३ किंवा १५.७ मिमी असते. वॉशर चुकीचा बसला की हवा झिरपते. नट कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या जोरानेच) आवळा; जास्त पिळला तर वॉशर कापला जातो. मग साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा.

बाहेरून प्रेशर दाखवणारी सेन्सरची टोपी रबरी व्हॉल्ववर नकोच. चाक फिरताना तिच्या वजनाने दांडा बाहेर वाकतो. आणि हो, स्टेपनीचा व्हॉल्वही बदला. तो हमखास विसरला जातो.