एप्सम मिठाचे पाणी आणि थकलेले पाय

प्रश्न : मी ५३ वर्षांची शिक्षिका असून दिवसातले पाच-सहा तास उभी असते. संध्याकाळी पावले जड होतात, पोटऱ्या भरून येतात. मुलीने पुण्याहून एप्सम मिठाचे पाकीट आणले आहे. या पाण्यात पाय बुडवल्यास मॅग्नेशियम त्वचेतून शरीरात जाते आणि स्नायू सैल होतात, असे त्यावर लिहिले आहे. हे खरे आहे का? द्राक्षबागेसाठी आणलेले मॅग्नेशियम सल्फेटचे पोते घरात आहे. ते चालेल का? माझ्या यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यांच्या तळपायांची आग होते. त्यांनीही हा उपाय करावा का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या यजमानांनी पाय गरम पाण्यात बुडवू नयेत, मीठ घालून तर नाहीच. इतक्या वर्षांच्या मधुमेहात तळपायांची आग होणे हे बहुधा तिथल्या नसा दुखावल्याचे लक्षण असते. अशा पायाला पाणी किती कढत आहे ते नीट कळत नाही आणि चटका बसल्याचे फोड आल्यावरच ध्यानात येते. शिवाय मिठाच्या पाण्याने कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात आणि त्या भेगेतून जंतूंना वाट मिळते. त्यांचे पाय रोज कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह मऊ कापडाने टिपून कोरडे करावेत, टाचांना तेल लावावे (बेचक्यांत नको) आणि आग होत असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आता आपल्या पायांविषयी. एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट; आपल्या स्वयंपाकातले मीठ किंवा सैंधव यांच्याशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे. जिभेला लावले तर ते खारट कमी आणि कडू जास्त लागते. लंडनजवळच्या एप्सम गावातले असे कडू पाणी सतराव्या शतकात प्रसिद्धीस आले, ते पोट साफ होण्यासाठी पिण्याकरिता. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू यांनी या क्षारावर पुस्तिका लिहिली, तीही त्याच्या रेचक गुणासाठीच.

मॅग्नेशियम रक्तात गेले की मोठे काम करते, यात शंका नाही. गरोदरपणी रक्तदाब वाढून येणारे झटके थांबवण्यासाठी हेच मॅग्नेशियम सल्फेट इंजेक्शनने देतात. आपल्याकडच्या स्त्रियांच्या अंगलटीचा विचार करून कमी मात्रेत ते देण्याची एक पद्धत धुळ्यात बसवली गेली आणि ‘धुळे पद्धत’ म्हणूनच ती ओळखली जाते. परंतु सुईने दिलेले औषध आणि घमेल्यातले पाणी यांत फार अंतर आहे. धडधाकट त्वचा पाण्यात विरघळलेले क्षार सहसा आत येऊ देत नाही, आणि पाय बुडवून मॅग्नेशियम पुरेशा प्रमाणात शरीरात जाते याला भक्कम पुरावा नाही. पाकिटावरच्या त्या वाक्यावर म्हणूनच विसंबू नये.

तरीही आपल्याला बरे वाटेल, आणि ते खरेच बरे वाटणे असेल. कोमट पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात आणि दिवसभर उभ्या असलेल्या बाईला वीस मिनिटे कोणी उठवत नाही. माझ्या मते या शेवटच्या गोष्टीचे मोल सर्वांत अधिक आहे. चार-पाच लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी मीठ पुरते. हे मीठ विरघळताना पाणी किंचित गार करते, म्हणून आधी मीठ ढवळावे आणि मगच कोपर बुडवून ऊब पाहावी. नंतर पाय साध्या पाण्याने धुऊन तेल चोळावे. मीठ संपले, तर नुसत्या कोमट पाण्यानेही जवळजवळ तितकाच आराम मिळेल.

पोत्यातले मीठ मात्र बागेलाच राहू द्या. रासायनिक दृष्ट्या ते तेच असले, तरी खत म्हणून विकलेल्या मालाची शुद्धता त्वचेसाठी तपासलेली नसते. पोट साफ होण्यासाठीही घरातल्या कोणी हे मीठ परस्पर पिऊ नये. मूत्रपिंडे अशक्त असतील तर रक्तात मॅग्नेशियम साठून जिवावर बेतू शकते, आणि मधुमेहात मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतोच.

एक खूण लक्षात ठेवा. दोन्ही पाय संध्याकाळी जड होणे हा थकवा असू शकतो. पण एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दाबल्यावर दुखू लागली, तर ती चोळू नये, पाण्यातही बुडवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.