नाद की नोकरी? खानापूर तालुक्यातील एका वडिलांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी बेळगावात राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, आणि गेल्या उन्हाळी सुट्टीत जंगलालगतच्या गवळीवाड्यांवर फिरून तिने तेथील लोकांच्या वनहक्क दाव्यांविषयी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या वनजमिनीवर हक्क मागणाऱ्या अर्जांविषयी, लिहिले. त्यातला एक लेख छापून आला, आणि लगेच गावातल्या एका वजनदार गृहस्थांनी ‘मुलीला जरा आवरा’ असे आपल्याला सुचवले. मानवाधिकारांचे हे काम म्हणजे नोकरी की नुसता नाद, आणि तिला बी.एड.कडे वळवावे काय, असे आपण विचारता. लेखाचे कात्रण सोबत जोडलेत हे बरे केले, कारण माझे उत्तर बरेचसे त्यावरूनच ठरले आहे.

लेख चांगला उतरला आहे. माणसे आपल्या बोलीत बोलतात आणि लिहिणारी मध्ये मध्ये येत नाही. परंतु ‘दावे वर्षानुवर्षे पडून आहेत’ या वाक्यापाशी मी अडलो. दावे किती, ते कोणत्या वर्षी दाखल झाले, ग्रामसभेने ठराव केला की नाही, प्रांताधिकाऱ्यांच्या समितीने ते फेटाळले असतील तर कारण लेखी कळवले का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लेखात नाही. त्यामुळे वाचणारा हळहळतो, पण कार्यालयातल्या कोणालाही खुलासा करावा लागत नाही. पत्रकाराने मानवाधिकारांचे संशोधन करायचे म्हणजे ही रिकामी जागा भरायची, आणि ते काम भावनेपेक्षा कागदावर अधिक चालते.

तिच्याच विषयाचे उदाहरण घेऊ. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार, अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. आपल्याकडचे गवळी याच वर्गात येतात. म्हणजे पुरावा १९३० पर्यंत मागे न्यावा लागतो, आणि तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे घरातल्या पेटीत सापडणारा जीर्ण कागद मराठीत असू शकतो, क्वचित मोडीतही. शिवाय या कायद्याच्या नियमांत ज्येष्ठ माणसाचे लिहून घेतलेले निवेदन हा पुराव्याचा एक प्रकार मानला आहे, मात्र तो ज्येष्ठ स्वतः दावेदार नसावा आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या प्रकारचाही पुरावा असावा. आपल्या मुलीने ज्या आजीची मुलाखत घेतली तिचे बोलणे नीट टिपले असते, तर तीच मुलाखत दाव्याच्या कागदांत जोडता आली असती. वाड्यावरची माणसे काळ सांगताना ‘शिमग्याच्या आधी’ किंवा ‘यल्लम्माच्या पुनवेला’ असे सांगतात. त्याची तारीख लावणे हे वार्ताहराचे काम आहे. हा काटेकोरपणा फुकट जात नाही, कारण राष्ट्रीय मानवी हक्क आयोग किंवा राज्याचा आयोग घटना घडून एक वर्ष उलटल्यावर त्या तक्रारीची चौकशी करू शकत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी आपल्या भागात अनेकांना रुचत नाही. तिने लिहिण्यापुरते कन्नड शिकलेच पाहिजे. बाजारापुरते बोलता येते असे आपण लिहिता, पण तेवढ्याने भागणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करता येतो, म्हणजे बेळगावातल्या कार्यालयात मराठी अर्ज टिकत नाही. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर बहुधा कन्नडमध्ये येते, आणि ग्रामसभेचे इतिवृत्त, पंचायतीचे ठराव व जमिनीचा उतारा हेही कन्नडमध्येच असतात. कन्नड शिकल्याने कोणाची सीमाप्रश्नावरची भूमिका सुटत नाही. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा निकाल काहीही लागो, गवळीवाड्याचा कागद तोवर थांबणार नाही. भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क हा तिचा अभ्यासविषय होऊ शकतो, किंबहुना व्हावा, आणि राज्यघटनेचे ३५० अ व ३५० ब हे अनुच्छेद तिने मुळातून वाचावेत. मात्र सीमाभागातल्या मराठी मुलीने फक्त त्याच विषयावर लिहावे अशी अपेक्षा दोन्ही बाजूंचे लोक करतील, ती तिने मानू नये. निपाणीच्या विडी कामगार बायका आणि सौंदत्तीच्या परिसरातल्या माजी देवदासी यांचे प्रश्न भाषेची हद्द पाहून येत नाहीत. मराठी, कन्नड आणि कामापुरते इंग्रजी लिहिणारा वार्ताहर पुण्यात किंवा बेंगळुरूत सहजी मिळत नाही, आणि तिचे खरे भांडवल तेच आहे.

पैशांचे स्पष्ट सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनावर घर चालत नाही, आणि दिवाळी किंवा १५ ऑगस्टच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडते. ज्या पुढाऱ्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध लिहायचे कसे, हा पेच मी अनेक होतकरू मुलांच्या बाबतीत पाहिला आहे. म्हणून केवळ पत्रकारितेच्या पदवीवर विसंबू नये. माझ्या मते तिने बेळगावच्या राजा लखमगौडा विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी तीन वर्षांचे एल्‌एल.बी. करावे आणि लेखन सोबत चालू ठेवावे. वकिलीची सनद असलेल्या संशोधकाला स्वयंसेवी संस्था, कायदेविषयक मदत आणि वृत्तपत्रे असे तीन दरवाजे उघडे राहतात. पत्रकारिताच शिकायची तर धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ दोन्ही जवळ आहेत, आणि भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो त्यांत आपले गाव असेल, तर महाराष्ट्रातल्या काही प्रवेशांत सीमाभागासाठी असलेल्या तरतुदींची चौकशी जरूर करावी. अध्यापनाची ओढ असेल तर नेट परीक्षेत मानवाधिकार हा स्वतंत्र विषय आहे. बी.एड. वाईट नाही, पण केवळ भीतीपोटी करू नये.

बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस तिने दवडू नयेत. राज्यभरचे शेतकरी, अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार सुवर्णसौधच्या परिसरात तंबू ठोकून बसतात, आणि एरवी ज्यांना भेटायला गुलबर्ग्यापर्यंत जावे लागले असते ती माणसे बसच्या तिकिटात भेटतात. तिथले लेखन ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळाकडे पाठवावे. ते विद्यार्थ्यांचे काम स्वीकारतात आणि मराठीतही प्रसिद्ध करतात.

आपली काळजी अनाठायी नाही. तिने वाड्यावर एकटी जाऊ नये, कोठे चालली हे घरी सांगून जावे, कोणाचाही मूळ कागद ताब्यात न घेता जागेवर फोटो काढून परत द्यावा, आणि ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याला आधी प्रश्न पाठवून त्याचे उत्तर लेखात छापावे. असे केलेल्या मुलीला ‘आवरा’ म्हणणाऱ्याला मग चूक दाखवावी लागते, नुसते सुचवून चालत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची काळजी मात्र याहून मोठी आहे. २०२३ च्या डिसेंबरात वंटमुरी गावात एका महिलेला विवस्त्र करून मारहाण झाली, त्या प्रकरणात पीडित महिलेला भेटायला लोटणाऱ्यांवर उच्च न्यायालयाला निर्बंध घालावे लागले, हे आपल्याच जिल्ह्यात घडले. लैंगिक अत्याचारातील पीडित व्यक्तीची ओळख उघड करणे गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत शाळेचे किंवा शेजाऱ्याचे नावही ओळख पटवू शकते.

हे लिहिण्याचे कारण आपल्या कात्रणातच आहे. चौथ्या परिच्छेदात शाळा सोडलेल्या एका अल्पवयीन मुलीचे नाव, वाड्याचे नाव आणि वडिलांचे कर्ज, तिन्ही एकत्र छापले गेले आहे. तिथे काही अत्याचार झालेला नाही, कायदाही मोडलेला नाही, पण त्या मुलीला उद्या त्याच वाटेने बसथांब्यावर जायचे आहे. लेख इंटरनेटवरही असेल तर तेवढे नाव काढण्याची विनंती संपादकांना याच आठवड्यात करावी, आणि तसे केल्याचे तिने वाड्यावर जाऊन त्या कुटुंबाला सांगावे.

त्यानंतर दाव्यांची संख्या व तारखा मागणारा १५० शब्दांचा कन्नड अर्ज तिने स्वतः लिहावा. तपासून देणारा कोणी नसेल तर माझ्याकडे पाठवावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक, बेळगाव