नवा दवाखाना, एक तारा आणि रील्सवाली एजन्सी

मॅडम, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून नवा दवाखाना टाकलाय आणि गूगलवर एका पालकाने एक तारा देऊन लिहिलंय, “दीड तास ताटकळत ठेवलं, पाच मिनिटांत बाहेर काढलं, साधं अँटिबायोटिकसुद्धा दिलं नाही.” त्याला काय उत्तर द्यावं? आणि दरमहा पैसे घेऊन रिव्ह्यू, फॉलोअर, रील्स सगळं ‘सेट’ करून देणारी एजन्सी मागे लागली आहे, तिला हो म्हणावं का?

आधी रिव्ह्यूचं बघू, कारण तो आज लोक वाचताहेत. तुम्ही लिहिलेलं कच्चं उत्तर असं आहे : बाळाला व्हायरल ताप होता, अँटिबायोटिकची गरज नव्हती, तुम्ही फॉलोअपला आलाच नाहीत. वैद्यकीयदृष्ट्या यातला शब्दन् शब्द बरोबर असेल, तरी हे टाकू नका. निदान, उपचार, पुन्हा कधी बोलावलं हे सगळं केसपेपरवरचं आहे. पालकांनी स्वतः त्यातलं अर्धं जगजाहीर केलं म्हणून उरलेलं आपण उघड करायचं नसतं. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेत पेशंटची गुपितं उघड करणं हे गैरवर्तन आहे. न्यायालयाचा आदेश, कुणाला असलेला गंभीर धोका, सरकारला कळवणं बंधनकारक असलेले आजार, असे मोजकेच अपवाद तिथे आहेत. आपल्यावर झालेली टीका हा अपवाद नाही.

मी असं लिहीन : “दवाखान्यात ताटकळावं लागतं तेव्हा लहान मुलांचे आणि पालकांचे हाल होतात, हे खरं आहे. संध्याकाळची गर्दी कमी व्हावी म्हणून आम्ही फोनवर वेळ द्यायला सुरुवात केली आहे. उपचारांबद्दल कोणत्याही पालकांना शंका असेल तर दवाखान्याच्या नंबरवर फोन करावा, मी स्वतः बोलेन.” यात ते पालक आपल्याकडे आले होते हेसुद्धा कबूल केलेलं नाही, आणि ते मुद्दाम. फक्त फोनवर वेळ द्यायला खरोखर सुरुवात करा, मगच हे लिहा. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारी औषधाबद्दलच्या नसतात. त्या बाकड्यावर गेलेल्या वेळेच्या आणि रिसेप्शनवर मिळालेल्या उत्तराच्या असतात.

हे उत्तर त्या चिडलेल्या पालकांपेक्षा जास्त बाकीचे वाचणार आहेत. रात्री अकराला अंगाला चटका लागणारं पोर मांडीवर घेऊन एखादी आई उद्या कुठे जायचं ते फोनवर शोधते, तेव्हा ती तारे बघते आणि रागावलेल्या माणसाशी डॉक्टर कसं बोलतात तेही बघते. रिव्ह्यू शिवीगाळ करणारा असेल किंवा कधीच न आलेल्या माणसाचा असेल, तर गूगलकडे जरूर रिपोर्ट करा. नुसता पटला नाही म्हणून ते काढत नाहीत.

आता एजन्सी. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करायला त्याच २००२च्या नियमांत मनाई आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवर जाणार, पुन्हा रुजू झालो अशी रीतसर सूचना देता येते. ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आणलेल्या नियमावलीत लाइक आणि फॉलोअर विकत घेण्याबद्दलही लिहिलं होतं, पण ती त्याच महिन्यात स्थगित झाली. एजन्सीवाले ती स्थगिती दाखवून ‘आता सगळं चालतं’ म्हणतील. तसं नाही, आधीचे २००२चे नियम लागू आहेतच. शिवाय विकतचे रिव्ह्यू गूगलच्या धोरणातही बसत नाहीत. पकडले गेले तर ते काढले जातात आणि खोटे रिव्ह्यू हटवल्याची सूचना प्रोफाइलवर झळकू शकते. लहान गावात ती सूचना स्क्रीनशॉट होऊन शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत पोचेल.

मग नाव कसं होणार? हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचं उदाहरण बघा. ओआरएस (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) असं नाव लावून विकली जाणारी गोड पेयं जुलाब झालेल्या मुलांना देऊ नका, हा एकच विषय त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. व्हिडिओ केले, तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. एप्रिल २०२२मध्ये अशा पेयांना ओआरएस हे नाव लावायला बंदी आली, जुलैमध्ये ती सैल झाली, तरी त्या थांबल्या नाहीत. शेवटी ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावातला ओआरएस हा शब्द काढायला लावला. मला या बाईंबद्दल मनापासून आदर आहे. त्यांचं नाव देशभर झालं ते त्या कामामागोमाग.

तुम्हीही एकच विषय धरा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच का कालवायचं, अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकल्याने काय बिघडतं, हे तुमच्या ओपीडीत रोज सांगावं लागत असेल. तेच साध्या मराठीत, दवाखान्यातल्याच भांड्यात करून दाखवा. व्हिडिओत पेशंटचं मूल नको, बरं होऊन घरी निघालेलं हसरं मूलसुद्धा नको. पालक आनंदाने हो म्हणतात, पण डॉक्टरांना नाही म्हणणं त्यांना जड जातं हे आपल्यालाच कळायला हवं.

व्हिडिओखाली आणि मेसेजमध्ये ‘बाळाला १०२ ताप आहे, काय देऊ?’ असे प्रश्न येणारच. तिथे औषध लिहून देऊ नका. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून सल्ला देण्याच्या) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लहान मुलाचा सल्ला सोबत मोठं माणूस असेल तरच द्यायचा आणि त्याची ओळख पटवायची. शिवाय नोंदही ठेवायची. इन्स्टाग्रामच्या इनबॉक्समध्ये यातलं काही होत नाही. ‘जवळच्या डॉक्टरांना आत्ता दाखवा’ एवढं एक ठरलेलं उत्तर ठेवा.

सगळ्या खात्यांचे पासवर्ड स्वतःकडे ठेवा, भाच्याने खातं उघडून दिलं असेल तरीही. प्रोफाइलवर नोंदणी क्रमांक टाका, म्हणजे तुमच्या नावाने कुणी बनावट खातं काढलं तर खरं कोणतं हे ताडून बघता येईल. बनावट खातं दिसलं की आधी त्या ॲपवर रिपोर्ट करा आणि त्यावरून कुणाकडून पैसे उकळले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगा.

रिव्ह्यूचं उत्तर नव्याने लिहिलंत की हवं तर आधी इथे टाका, आम्ही दोघंतिघं वाचून सांगू. पालकांचं नाव आणि बाळाचं वय मात्र त्यातून काढून टाका.